सड्यावरची मोजणी

मोजणीची नोटीस गेली की भातखाचराच्या बांधावर दहा माणसं हजर असतात. लगतदार, त्यांचे भाऊ, मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला पुतण्या, आणि ‘मला सगळं ठाऊक आहे’ म्हणणारे वाडीतले एक तात्या. वीतभर बांध सरकला की आवाज चढतात. सड्याच्या मोजणीला मात्र कोणी येत नाही. नोटिसा तशाच जातात, पोचपावत्या येतात, आणि मोजणीच्या दिवशी त्या काळ्या कातळावर अर्जदार, त्याचा गडी आणि आम्ही एवढीच माणसं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी बहुतेक रत्नागिरी, संगमेश्वर आणि राजापूर तालुक्यांत झाली. खाचरावर भांडायला सगळे आणि सड्यावर कोणीच नाही, हा फरक मी नोकरीभर पाहिला. रत्नागिरीच्या आसपासची मोकळी जागा कशी गेली आणि थोडीफार कशी राहिली, हे कागदाच्या बाजूने सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

सडा म्हणजे जांभ्याचा सपाट माथा. खाली खाडी किंवा वहाळ, उतारावर वाडी आणि कलमं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सडा. मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर पायाखाली तवा असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर त्याच कातळाच्या खळग्यांत दीपकाडी फुलते. पांढऱ्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती आमच्या कोकणपट्टीच्या सड्यांपलीकडे जगात सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं येतात. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातलं बरंच पाणी हा जांभा आपल्या भोकाभोकांतून खाली सोडतो, आणि खालच्या चिकणमातीच्या थराला अडून ते उताराला झरा होऊन बाहेर येतं. वाडीची विहीर फाल्गुनापर्यंत तग धरते ती या माथ्याच्या जोरावर. हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. सातबाऱ्याला माहीत नसतं.

सातबाऱ्यावर हा सडा बहुधा पोटखराबा म्हणून लागलेला असतो. लागवडीस अयोग्य, आकार शून्य. देशावर गावाला गायरान असतं, ते सरकारी असतं, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा जो आदेश दिला, त्याचा आधार तिथल्या गावांना घेता येतो. आमच्याकडे सडा बहुतेक खासगी, आणि तोही सामाईक. एका हिश्शावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेली नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली. ज्या जमिनीचा सारा नाही, पीक नाही आणि भांडण नाही, तिला गिऱ्हाईक आलं की घरात नको म्हणणारं कोणी उरत नाही.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. पहिला कलमवाला. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती आणून भरली आणि हापूस लावला. त्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. त्या कलमांवर कितीतरी घरांतली पोरं शिकली. दुसरा चिरेखाणवाला. तिसरा प्लॉट पाडणारा, आणि तो गेल्या वीसेक वर्षांत वाढला. कलमवाल्याने सडा भोसकला तरी पाणी मुरायचं थांबत नाही. खाणवाला सडाच उचलून नेतो आणि मागे चौकोनी खड्डा राहतो. पावसाळ्यात तो हिरव्या पाण्याने भरतो आणि गुरं त्याच्या कडेने जायला भितात.

चिरेखाणीसाठी अर्ज आला की गौण खनिजाच्या परवान्याला मोजणी नकाशा लागतो. राजापूर तालुक्यातल्या अशाच एका मोजणीला आम्ही सड्यावर गेलो होतो. पावसाळा नुकताच संपला होता, कातळाच्या खळग्यांत पाणी होतं. अर्जदाराचा गडी कोयत्याने गवत मारत खुणेचा दगड शोधत होता. मला म्हणाला, “सायब, हितं मोजून काय गावनार? सगला कातलच हाय.” आणि बोलता बोलता त्याचाच पाय एका पन्हळीत गेला. पन्हळ सरळ जात होती, मग वळली. आम्ही गवत बाजूला सारत गेलो. साचलेल्या पाण्यामुळे रेघ चकाकत होती, म्हणून दिसली. एरवी त्यावर कितीदा पाय दिला असता. दोन पाय, कंबर, बाजूला लोंबते हात. माणसाची आकृती, उभ्या माणसापेक्षा मोठी, कातळात बोटभर खोल कोरलेली. कडा गुळगुळीत झालेल्या. गड्याने चप्पल काढून बाजूला ठेवली.

मोजणीच्या नकाशाला खुणा ठरलेल्या असतात. विहीर, देऊळ, झाड, रस्ता, विजेचा खांब, सगळ्यांना खूण आहे. याला नव्हती. मी तुटक रेषेने जागा घेतली, दोन खुणेच्या दगडांपासूनची अंतरं टाकली आणि शेजारी लिहिलं, ‘कातळात कोरलेली आकृती’. नकाशाची जी ‘क’ प्रत अर्जदाराला मिळते, तिच्यावर ते आलं. एवढंच. मोजणीदाराला अडवण्याचा अधिकार नसतो. जागेवर जे दिसलं ते नकाशावर आणण्याचा असतो. पण एकदा ते नकाशावर आलं की पुढच्या टेबलावरच्या माणसाला ते वाचावं लागतं, आणि वाचलं की प्रश्न विचारावा लागतो. परवान्याचं क्षेत्र पुढे दुसऱ्या बाजूला सरकवलं गेलं. मालकाने खळखळ केली नाही. त्याला आजोबांनी सांगितलं होतं की पांडवांनी एका रात्रीत काढलेलं काहीतरी वर आहे. कुठे आहे ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

या आकृत्यांना आता सगळे कातळशिल्पं म्हणतात आणि त्यांची कीर्ती जगभर गेली आहे. ती तशी जाण्यामागे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांची अनेक वर्षांची पायपीट आहे. त्यांच्या निसर्गयात्री संस्थेची शोधायची रीत मला फार आवडते: आधी गुराख्याला विचारायचं. गुरं चारणाऱ्या माणसाला सड्याचा इंच न् इंच पाठ असतो. मग गावकरी, मग जमीनमालक, आणि शेवटी सरकार. २०१८ साली राज्य सरकारने या शिल्पांच्या अभ्यासासाठी २४ कोटी रुपये ठेवल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुरातत्त्व खात्याचे संचालक तेजस गर्गे होते. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. उरलेली दोन म्हणजे सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. देवाचे गोठणेला आकृतीजवळ होकायंत्र ठेवलं की सुई दिशा सोडते. अभ्यासक या चित्रांचं वय दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात.

उक्षीचं उदाहरण लोक नेहमी देतात, आणि ते द्यायलाच हवं. तिथल्या हत्तीच्या भोवती जांभ्याच्या चिऱ्यांचं कुंपण घातलं, वरून बघायला सज्जा केला, आणि यात गाव पुढे होतं. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते मी या विषयातल्या सगळ्या मित्रांना सांगत असतो. कुंपण चित्राला वाचवतं, सड्याला नाही. चित्राभोवती पाच गुंठे राखले आणि सहाव्या गुंठ्यापासून खाण सुरू झाली, तर ज्या माणसाने ते चित्र कोरलं त्याला समोर काय दिसत होतं हे कायमचं गेलं. पाणी गेलं, दीपकाडी गेली, गुरांची वाट गेली. राखायचा तर अख्खा माथा राखला पाहिजे.

तो कसा राखायचा? शहरात राहणाऱ्या माणसाचं पहिलं उत्तर असतं आरक्षण. विकास आराखड्यात हिरवा रंग भरा, झालं. आराखड्यांच्या सुनावण्यांना मी खात्याचे नकाशे घेऊन बसलेलो आहे, म्हणून सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बागेचं किंवा मैदानाचं आरक्षण उठवा म्हणणाऱ्यांचे अर्ज गठ्ठ्याने येतात, आणि ते आपल्या जागी बरोबरही असतात, कारण जमीन त्यांची असते. आरक्षण ठेवा म्हणणारा अर्ज क्वचित येतो. पुढे कलम १२७. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन ताब्यात घेतली गेली नाही, की मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. आपल्याकडच्या नगर परिषदांच्या तिजोरीत एका मैदानाचा मोबदला द्यायला पैसे नसतात. त्यामुळे हिरव्या रंगाला मुदत असते, आणि ती मुदत मालकाच्या वकिलाला तोंडपाठ असते. मैदान वापरणाऱ्या पोरांना कोणी सांगत नाही.

आणि नकाशाचा रंग वरूनही बदलतो. १९९२ साली स्टरलाइटच्या तांबं वितळवण्याच्या कारखान्याला रत्नागिरीत औद्योगिक महामंडळाने पाचशे एकर दिली. आंबेवाले, मच्छीमार आणि शहरातली माणसं रस्त्यावर आली, १९९३च्या जुलैत बांधकाम थांबवावं लागलं आणि कारखाना तमिळनाडूत तूतुकुडीला गेला. तेव्हा शहराला पहिल्यांदा कळलं की वरच्या कातळाशी आपला संबंध आहे. त्यानंतर नाणार झालं. तिथल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९च्या मार्चमध्ये रद्द झाली. मग त्याच प्रकल्पासाठी बारसू: २०२३च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायामाणसं सड्यावर उन्हात आडवी झाली होती. ज्या बारसूची शिल्पं वर्षभरापूर्वी युनेस्कोच्या यादीत गेली होती, तेच बारसू. २०२४च्या मार्चमध्ये कोकण किनारपट्टीतल्या १६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे या गावांचे आराखडे होतील, प्रारूपं लागतील, तीस दिवस मोजले जातील. माझी सगळ्या ग्रामपंचायतींना हात जोडून विनंती आहे की आपला सडा, आपल्या वाटा, आपली पाणवठ्याची जागा आत्ताच नकाशावर घ्या. प्रारूप लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

वाटांचं मात्र वेगळं आहे. तिथे कायदा जुना आणि गावाच्या बाजूचा आहे. १८८२चा सुविधाधिकाराचा कायदा. लोकांच्या तोंडी ‘वहिवाट’. उघडपणे, शांतपणे, खंड न पडता वीस वर्षं वाट वापरली तर तो हक्क होतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. याच कायद्याचं अठरावं कलम रूढीने आलेल्या हक्कांचं आहे आणि त्यातलं पहिलंच उदाहरण गावच्या कुरणात गुरं चारण्याचं आहे. वाट कोणी अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावं तिथेच चुकतात. “बघू, शिमगा झाल्यावर बोलू” म्हणत वर्ष निघून जातं.

शिमग्यावरून आठवलं. एका गावात सड्यावरून पालखी जायची. वरचा भाग एका मुंबईकराने बागेसाठी घेतला आणि चारी बाजूंनी चिऱ्याचा गडगा घातला. फाल्गुनात पालखी आली ती गडग्यापाशी थांबली. ढोल वाजत राहिला, पुढे जायला वाट नाही. मानकरी म्हणाले, पालखी वळवायची नाही. मालकाला फोन लागला. त्याच्याकडे खरेदीखत होतं, माझा नकाशा होता, आणि त्या नकाशावर मीच ती पाऊलवाट तुटक रेषेने दाखवलेली होती. कारण मोजणीच्या दिवशी ती कातळावर चक्क दिसत होती: शेकडो वर्षांच्या पायांनी जांभा घासून तिथे फिकट पट्टा पडला होता. वाडीतल्या एका म्हातारीने गडग्यावरून हात दाखवत सांगितलं, “मी नवरी होऊन आले ती ह्याच वाटेने.” तिचं लग्न होऊन साठ वर्षं झाली होती. याहून चांगला पुरावा कोणत्या कोर्टाला लागतो? मालक गणपतीत गावी आला, बसला, ऐकलं, आणि दोन ठिकाणी गडगा तोडून कवाडं बसवली. नुसती तोंडी कबुली घेऊ नका, असं मी गावाला बजावलं होतं. तहसीलदारांपुढे तडजोड लिहून घेतली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वाटेची नोंद झाली. उद्या ती बाग कोणी विकत घेतली तरी वाट सातबाऱ्याबरोबर जाईल.

यातूनच मग आम्हा काही जणांच्या डोक्यात आलं की जाण्याचा हक्क जसा नोंदवता येतो, तसा न खणण्याचा का नाही? अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुजली आहे. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर बांधायचा किंवा ती खणायचा हक्क तो एखाद्या विश्वस्त संस्थेला कायमचा देऊन टाकतो आणि ते दस्तात उतरतं. १९८१ साली तिथे या हक्काचा नमुना कायदाही झाला. आमच्या ओळखीचे एक जुने वकील होते, त्यांच्यापुढे हे मांडलं. त्यांनी १८८२चं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, “दुसऱ्याला काही करू न देण्याचा हक्क आपल्याकडे आहे, चौथ्या कलमातच आहे. पण तो माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. तुमच्या संस्थेची जमीन लगत आहे का?” नव्हती. एक गुंठा विकत घेऊ म्हटलं तर १९४७चा तुकडेबंदीचा कायदा आडवा. आम्ही गप्प बसलो. मग वकीलसाहेबांनी माझ्याच नकाशावर बोट ठेवलं. सड्याला लागून ग्रामदेवतेची जमीन होती. देवाचा झरा त्या जमिनीत, आणि झऱ्याचं पाणी सड्यातून येणारं. म्हणजे सडा न खणण्यात देवाच्या जमिनीचा फायदा आहे, आणि तो दाखवता येतो. दस्त असा झाला: सड्याचे मालक देवस्थानाच्या जमिनीच्या लाभासाठी आपल्या हिश्शात खाण काढणार नाहीत, गवत आणि गुरं पूर्वीसारखी चालू राहतील. हा दस्त अजून कोर्टात कसाला लागलेला नाही. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला आहे आणि जमीन बघायला येणारा दलाल तो वाचून परत जातो.

सह्या गोळा करणं हे त्यातलं खरं काम. ते गणपतीतच होतं. चाकरमानी पाच-सात दिवस गावात. त्यातले दोन दिवस आरतीत आणि भजनात, एक दिवस वहिनीच्या माहेरी. आम्ही दुपारच्या जेवणानंतर जायचो, हातात दस्ताचा मसुदा आणि शाईचा पॅड. पडवीत मोदकाचं ताट आणि बाजूला कागद. सगळ्यात मोठ्या भावाला आधी विचारायचं, हा नियम. त्याने मान डोलावली की बाकीचे वाचतही नाहीत. एका घरी धाकट्याने विचारलं, “काका, यात आम्हाला काय मिळणार?” मी खरं ते सांगितलं, की पैसे मिळणार नाहीत, विहीर राहील. तो उठून आत गेला. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, “मे महिन्यात इथे येऊन पाणी मी भरते, ते नाही. कुठे सही करायची? माझ्या नावावर नाही, पण साक्षीदार म्हणून घ्या.” तिची सही साक्षीदाराच्या जागी आहे. नवऱ्याची दुसऱ्या दिवशी मिळाली.

पैसे देऊन राखण्याचा प्रयोगही आपल्या जिल्ह्यात झालेला आहे. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने, म्हणजे अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या संस्थेने, खासगी रानाच्या मालकांशी झाडं न तोडण्याचे करार केले. मोबदला दिला, आणि पुढे बेहड्याची फळं रीतसर गोळा करून चांगल्या भावाने परदेशी औषधी चहावाल्यांना विकायची व्यवस्था लावली. बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. उभ्या झाडातून दरवर्षी पैसे येऊ लागले की लाकूडवाल्याचा भाव फिका पडतो. सड्याला असं फळ नाही, हीच अडचण. म्हणून त्याला देव, झरा आणि वाट यांचा आधार घ्यावा लागतो. देवरहाट्या, म्हणजे आमच्याकडच्या देवराया, शतकानुशतकं अशाच तर राहिल्या. राजस्थानातल्या देवरायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ला त्यांचं सर्वेक्षण करून नोंद घ्यायला सांगितलं आणि केंद्राने सगळ्या देशासाठी धोरण करावं असंही सुचवलं. ते धोरण झालं तर त्यात देवरहाटीच्या डोक्यावरचा सडाही यावा, यासाठी कोकणातून आग्रह धरला पाहिजे.

निवृत्तीनंतरही लोक मला नकाशे घेऊन बोलावतात. सध्या आणखी एका सड्याचा दस्त अडला आहे तो दोन नावांवर. एक भाऊ वारला, त्याच्या मुली सातबाऱ्यावर लागलेल्याच नाहीत. त्यांची वारसनोंद आधी व्हायला हवी. तलाठ्याकडे अर्ज दिला आहे, नोटीस निघाली की पंधरा दिवस हरकतीचे, मग फेरफार मंजूर. दोघी ठाण्याला असतात. थोरलीने फोनवर विचारलं की तिथली ती हत्तीची रेघ अजून आहे का; लहानपणी त्या दोघी तिच्यावरून धावत जायच्या. मी तिला नकाशाचा फोटो पाठवला आहे. गणपतीला येते म्हणाली.